डबल हूकवाला फुल बॉडी हार्नेस, १४ महिने लोखंडावर वापरून लिहितोय

मी स्टील इरेक्शनमध्ये आहे. कॉलम उभा करायचा, क्रेनवरून बीम आला की भोकाला भोक मिळवायचं, ड्रिफ्ट (भोकं जुळवायची निमुळती पिन) ठोकायचा, बोल्ट टाकायचे आणि पुढच्या पीसला हात करायचा, ११ वर्षं झाली हेच करतोय. एवढ्या वर्षांत पाच-सहा प्रकारचे बेल्ट अंगावर चढवून झाले (हार्नेस म्हणजे उंचावरून पडलं तर धरणारे अंगावरचे पट्टे, पण साईटवर त्याला हार्नेस कोणी म्हणत नाही, सगळे बेल्टच म्हणतात) पण हा पहिला असा निघाला की ज्याच्याबद्दल बसून नीट लिहावंसं वाटलं. १४ महिने रोज अंगावर आहे, ऊन पाऊस ठिणग्या सगळं बघून झालंय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण त्यांची बाकीची मॉडेलं मी वापरलेली नाहीत आणि नाव वाचून कोणीतरी भलतंच उचलून आणेल, त्यापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगतो.

आधी वस्तू काय आहे ते. पाठीवर डी रिंग (दोरी अडकवायची कडी), छातीवर एक, कमरेला दोन्ही बाजूंना एकेक. कमरेला, मांड्यांना आणि खांद्यांना पॅड. पाठीच्या रिंगेला शॉक अॅब्सॉर्बरचं (पडल्यावर झटका खाणारं) पाकीट, त्यातून दोन दोऱ्या निघतात आणि प्रत्येकीच्या टोकाला मोठा हूक, तोंड साधारण ६० मिमी उघडतं. हार्नेसच्या लेबलवर ईएन ३६१ (युरोपचं मानक) आहे, दोरी आणि अॅब्सॉर्बरवर ईएन ३५४ आणि ३५५. हूक अॅल्युमिनियमचे आहेत म्हणून सगळं मिळून वजन काट्यावर ४ किलोच्या आत आलं, आधीच्या माझ्या बेल्टचे हूक स्टीलचे होते आणि संध्याकाळपर्यंत मानेमागे गोळा यायचा.

आता मुद्द्याचं. बेल्ट किती टन धरतो हे सगळे विचारतात, पण तो आठ-दहा तास अंगावर कसा बसतो हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तीच गोष्ट आधी बघायला पाहिजे. बेल्ट टोचत असला की माणूस काय करतो? मांडीचे पट्टे सैल सोडतो. आधी दोन बोटं, मग चार बोटं, मग पट्टा गुडघ्याकडे लोंबायला लागतो आणि कोणी काही बोलत नाही कारण लांबून बघितलं तर बेल्ट घातलेलाच दिसतो. तसा सैल पट्टा घालून पडलात तर तो सरकून नको तिथे बसतो, सगळा झटका एकाच जागी येतो आणि माणूस त्यातून निसटू पण शकतो. मी स्वतः तीन वर्षं असाच सैल पट्टा घालून फिरलोय. तेव्हाच्या ठेकेदाराने दिलेला बेल्ट होता, लेबल इतकं झिजलेलं की बनवल्याची तारीख सुद्धा वाचता यायची नाही, मांडीला नुसती नागडी पट्टी, घामाने कडक झालेली. दुपारनंतर मांडीच्या आतल्या बाजूला साल निघायची. दुसरा मागितला तर म्हणाले धरतोय ना, मग वापर. धरतोय हे कशावरून म्हणाले माहीत नाही, कारण धरतो की नाही ते पडल्याशिवाय कळत नाही.

ह्या बेल्टचे मांडीचे पॅड रुंद आहेत आणि आतून जाळीचं कापड आहे, त्यामुळे मी पट्टे सकाळी जसे ओढतो (सपाट हात आत जाईल, मूठ जाणार नाही, एवढे) तसेच संध्याकाळी सोडतो. मधे एकदाही सैल करावे लागत नाहीत. बीमच्या फ्लँजवर (वरच्या रुंद सपाट भागावर) दोन्हीकडे पाय टाकून बसलं तरी बकल हाडावर येत नाही, ते थोडं बाहेरच्या अंगाला शिवलंय. ही डिझाइन करणाऱ्याने नक्की कोणालातरी लोखंडावर बसवून बघितलेलं असणार.

कमरेच्या पॅडचं पण सांगतो कारण आपल्या कामात कमरेला नुसता बेल्ट नसतो. बोल्टची पिशवी असते. एम २० चा (२० मिमी जाडीचा) ६० मिमी लांबीचा बोल्ट, नट आणि वॉशर धरून साधारण ३०० ग्रॅम जातो, वीस सेट घेतले की ६ किलो एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एका टोकाने निमुळता असलेला पाना, हातोडी, दोन ड्रिफ्ट. जुन्या बेल्टवर हे सगळं अरुंद पट्टीवर यायचं आणि रात्री पाठीवर झोपता यायचं नाही. ह्याचं पॅड तळहाताएवढं रुंद आहे आणि मागे कडक पाठ आहे म्हणून वजन पसरतं. फक्त हत्यारं अडकवायची जी लूपं दिलीत ती कामाची नाहीत, चौथ्या महिन्यात एक उसवलं. नशीब पाना मी वेगळ्या दोरीने मनगटाला बांधतो, नाहीतर खाली गेला असता, आणि खाली माणसं असतात.

कमरेच्या बाजूच्या दोन रिंगा मात्र पडण्यासाठी नाहीत बरं का. त्या फक्त कॉलमला वळसा घालून टेकून काम करायला आहेत. नवीन पोरं खूपदा तिथेच दोरी लावतात कारण हाताला येते, पाठीमागे हात जात नाही. कमरेवर झटका आला तर माणूस मधून दुमडतो. अमेरिकेत तर नुसता कमरेचा पट्टा पडण्यापासून वाचवायला वापरणं १ जानेवारी १९९८ पासून बंदच आहे. पडलं तर धरायला पाठीचीच रिंग वापरा, किंवा लेबलवर परवानगी असेल तर छातीची.

आता दोन हूक. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, एक हूक लावलेला असतानाच दुसरा पुढे लावायचा आणि मगच पहिला सोडायचा, म्हणजे असा एक क्षण पण येत नाही की तुम्ही कशालाच बांधलेले नाही. ऐकायला सोपं आहे, पण बीमवर चालताना हूक लावणार कशाला? २००-३०० मिमी रुंद फ्लँज ६० मिमीच्या तोंडात कशी बसेल? त्यामुळे एकतर वर लाईफलाईनचा वायर रोप ताणलेला पाहिजे, नाहीतर बीमला स्लिंगचा फास घालून त्यात, नाहीतर फ्लँजवर सरकणारा बीम क्लॅम्प. आम्ही आता शक्य असेल तिथे लाईफलाईनचे खांब जमिनीवरच बीमला लावून मग बीम वर पाठवतो. वर गेल्यावर बांधायला जाणारा माणूस स्वतः कशाला बांधलेला असणार, म्हणून.

ह्या बेल्टमधली मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट एकदम छोटी आहे आणि जाहिरातीत तिचा कोणी उल्लेख पण करत नाही. छातीजवळ दोन्हीकडे एकेक प्लास्टिकची कडी आहे, रिकामा हूक ठेवायला. सगळीकडे काय चालतं, एक हूक लाईनला लावला की दुसरा लोंबतो, पायात येतो, म्हणून लोक तो उचलून कमरेच्या डी रिंगमध्ये अडकवतात. बघायला अगदी नीटनेटकं. पण विचार करा, तुम्ही पडलात, शॉक अॅब्सॉर्बर उघडायला पाहिजे, त्याची शिलाई फाटत फाटत लांब होत झटका खायला पाहिजे. पण दुसरी दोरी पाकिटाच्या पुढच्या टोकापासून निघून तुमच्याच कमरेला पक्की बांधलेली आहे, म्हणजे पाकिटाला बगल देऊन एक दुसरी वाट तयार झाली. थोडं उघडलं की ती दोरी ताणते आणि पाकीट तिथेच थांबतं, सगळा झटका थेट शरीरावर. ती प्लास्टिकची कडी मुद्दाम कमजोर असते, भार आला की तुटते आणि दोरी मोकळी होते. आमच्या गँगमध्ये मी हे जमिनीवर हाताने ओढून दाखवलं तेव्हा दोघंतिघं जुने लोक गप्प झाले, दहा-दहा वर्षं कमरेलाच लावत होते. मी पण लावायचो.

अॅब्सॉर्बरचं गणित पण एकदा डोक्यात बसवा. ईएन ३५५ प्रमाणे झटका ६ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये, म्हणजे ढोबळ मानाने ६०० किलोच्या वजनाएवढा. त्यासाठी ते पाकीट जास्तीत जास्त १.७५ मीटर उघडू शकतं. आता मोजा, दोरी २ मीटर, पाकीट १.७५, पाठीच्या रिंगेपासून पायापर्यंत साधारण १.५, आणि शिवाय पायाखाली १ मीटर मोकळं पाहिजेच. झाले ६.२५ मीटर, हूक जिथे लावलाय तिथून खाली. म्हणजे तुम्ही ५ मीटरवरच्या बीमवर उभे आहात आणि हूक पायाशी लावलाय, तर बेल्ट, दोरी, हूक सगळं चांगलं असून तुम्ही जमिनीवर आपटणार. पहिल्या मजल्याचं स्टील चढवताना हीच गफलत होते, उंची कमी आहे म्हणून कोणाला भीती वाटत नाही. तिथे हूक डोक्याच्या वर लागला पाहिजे, नाहीतर आपोआप गुंडाळणारा रिट्रॅक्टेबल ब्लॉक पाहिजे, नाहीतर सरळ माणसं वर उचलणाऱ्या लिफ्टच्या बास्केटमधून काम करा. ह्या बेल्टच्या माहितीपुस्तिकेत हे चित्र काढून दाखवलंय, चांगलं स्वच्छ चित्र आहे, मी ते कापून कंटेनरच्या दारावर चिकटवलंय.

आता ते लिहितो ज्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. माझ्या जोडीचा मुलगा, बीमच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी, आम्ही दोघांनी एकाच दिवशी एकाच मॉडेलचे बेल्ट घेतले. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट, सकाळी दव होतं, चौथ्या लेव्हलचा बीम आला, माझ्या बाजूचे दोन बोल्ट बसले, त्याच्या बाजूचा एक बसला आणि दुसऱ्याला भोक अर्धं दिसत होतं. (दोन्ही टोकांना दोन-दोन बोल्ट पान्याने घट्ट झाल्याशिवाय क्रेनचा हूक सोडायचा नाही हे आमच्यात पक्कं आहे.) तो ड्रिफ्ट ठोकायला वाकला आणि पाय सरकला. मी फक्त त्याचं हेल्मेट फ्लँजच्या खाली जाताना बघितलं. मग एक आवाज आला, जाड कापड टराटर फाडल्यासारखा, एक सेकंद पण नसेल, आणि मग काहीच नाही. मी पोटावर झोपून खाली बघितलं तर तो सरळ लटकत होता, डोकं वर, पाय खाली, किंचित पुढे झुकलेला, हातात अजून हातोडी. मी ओरडलो, "ऐकू येतंय का?" तर म्हणाला, "हो दादा, हातोडी घे आधी."

हूक डोक्याच्या वरच्या लाईनला होता म्हणून पडणं थोडंच झालं, पाकीट हातभर उघडलं होतं. पण खरी परीक्षा त्याच्या पुढे असते. माणूस हार्नेसमध्ये न हलता लटकत राहिला की मांडीच्या पट्ट्यांमुळे पायातलं रक्त वर येईनासं होतं, चक्कर येते, शुद्ध जाते, आणि हे काही मिनिटांत होऊ शकतं. ह्या बेल्टच्या कमरेला दोन्ही बाजूंना छोट्या थैल्या आहेत, चेन उघडली की त्यातून पट्टी निघते, दोन्ही एकमेकांत अडकवल्या की पाय ठेवायला पायरी तयार होते, त्यात उभं राहायचं म्हणजे मांडीवरचा भार जातो. आम्ही हे आधी वर्कशॉपमध्ये करून बघितलं होतं, खाली शिडी ठेवून दोन फुटांवर लटकून. त्यामुळे त्याला शोधावं लागलं नाही, हात आपोआप गेला, दीड मिनिटात तो पायरीवर उभा होता आणि पाय हलवत होता. लिफ्ट फिरवून त्याला बास्केटमध्ये घ्यायला दहा-बारा मिनिटं गेली. ती दहा-बारा मिनिटं त्या दोन पट्ट्यांशिवाय कशी गेली असती ह्याचा विचार मी अजून करतो. मांड्यांवर काळेनिळे वळ आले, डॉक्टरांनी तपासलं, आठवड्याने तो कामावर आला. बेल्ट आणि दोरी त्याच दिवशी कापून टाकली. एकदा झटका खाल्लेला बेल्ट परत वापरायचा नसतो, बाहेरून कितीही चांगला दिसला तरी.

म्हणून ज्यांना कोणाला हा नाहीतर दुसरा कुठलाही बेल्ट घ्यायचा आहे त्यांनी ह्या पायरीच्या पट्ट्या आहेत का ते आधी बघा, नसतील तर वेगळ्या मिळतात, त्या लावा.

आणि हूक जिथे लावता ती जागा. बेल्ट विकत मिळतो, ती जागा मिळत नाही, ती आपल्यालाच बघावी लागते. अमेरिकेच्या नियमात एका माणसामागे ५००० पौंड धरेल असा अँकर सांगितलाय, म्हणजे साधारण २२ किलोन्यूटन. केबल ट्रेला, पाइपला, नुसत्या एका बोल्टवर उभ्या असलेल्या पर्लिनला (छपराच्या पत्र्याखालचा आडवा बार) हूक लावलेला बघतो तेव्हा मला अमेरिकेतला गोल्डन गेट पूल आठवतो. त्या पुलाच्या कामाला खाली मोठी जाळी बांधली होती, त्या काळात ते फार पुढचं पाऊल होतं, १९ माणसं त्या जाळीत पडून वाचली. पण १७ फेब्रुवारी १९३७ ला एक अख्खा मचाण सुटून जाळीवर कोसळला, जाळी फाटली आणि १० जण गेले. जाळी माणसांसाठी बांधली होती, तेवढं वजन घ्यायला नव्हती. आधीचा एक धरून त्या पुलाच्या कामात एकूण ११ माणसं गेली. आपल्या आधीच्या लोकांनी अशी किंमत मोजून हे सगळं शिकवलंय, त्यांनी तर दवात, वाऱ्यात, कशालाच न बांधता रिव्हेट मारलेत.

तक्रारी पण आहेत. मांडीच्या पॅडमधला स्पंज पाणी पितो, एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही आणि ओला घालून काम करणं म्हणजे शिक्षा. उन्हात टाकून वाळवू नका, उन्हाने पट्टीचा धागा कमजोर होतो, सावलीत वाऱ्यावर टांगा. छातीचं बकल माझ्या उंचीला जरा वर येतं, खाली सरकवायला जागा कमी आहे, ज्यांची मान आखूड आहे त्यांनी घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. ब्रेसिंगमधून (तिरक्या आधारांमधून) वाकून जाताना पाठीची रिंग अडकते, पण ते सगळ्याच बेल्टचं आहे.

वेल्डरांसाठी हा बेल्ट नाही, हे स्पष्ट सांगतो. पट्टी पॉलिएस्टरची आहे, ती २६० अंशांच्या आसपास वितळते, वेल्डिंगची ठिणगी तर त्याच्या कितीतरी वर असते. माझ्या पहिल्या हार्नेसच्या डाव्या खांद्याच्या पट्टीवर वरच्या माणसाच्या कामाच्या दोन ठिणग्या पडल्या, टाचणीच्या डोक्याएवढे दोन कडक ठिपके झाले, नख फिरवलं की कळायचे. मी तो हार्नेस कंपनीच्या तपासणीवाल्याला दाखवला, त्याने बाद केला, वाईट वाटलं पण बरोबरच होतं. मग मी त्याच मॉडेलचा दुसरा घेतला, १४ महिन्यांत हा दुसरा. वेल्डिंग किंवा गॅस कटिंग करणाऱ्यांनी अरामिड धाग्याचा घ्यावा, तो वितळत नाही.

धारेचं पण तसंच. फ्लँजची कड, त्यातून गॅसने कापलेली कड असेल तर, दोरीला सुरीसारखी लागते. ह्या दोरीच्या लेबलवर कडेवर वापरायची वेगळी टेस्ट झाल्याचं चिन्ह आहे, तरी मी कडेवरून दोरी जात असेल तिथे जुन्या होजचा तुकडा चिरून बसवतो.

रोज सकाळी दोन मिनिटं लागतात. पट्टी उलटी वाकवून बोटांमधून सरकवायची, कडेला कापलेलं, कडक झालेलं, रंग उडालेलं काही आहे का बघायचं. शिलाईचा धागा पट्टीच्या रंगापेक्षा वेगळा दिलाय, पिवळ्या पट्टीवर काळा, म्हणून एक टाका तुटला तरी लगेच दिसतो, ही पण छोटी पण मोठ्या कामाची गोष्ट. हूकची कडी सोडली की आपोआप पूर्ण बंद झाली पाहिजे, सिमेंट-मातीने अडकत असेल तर कोमट पाण्याने धुवा, पट्टीवर ऑइल, थिनर, ऑइलपेंट काही लागू देऊ नका. पोरं हौसेने पट्टीवर मार्करने नाव लिहितात, ते पण नको, लेबलवर जागा दिलीय तिथे लिहा.

साइझचं शेवटचं. मी आधी मोठा मागवला होता, जाड कपड्यांवर बसेल म्हणून, चूक झाली, पाठीची रिंग खांद्याच्या पात्यांच्या मधे बसायला पाहिजे ती खाली कमरेकडे येत होती. बदलून मधला घेतला तेव्हा बरोबर बसला. घालून, पट्टे ओढून, दोन्ही हात वर करून आणि उकिडवं बसून बघा, रिंग जागेवरून चार बोटांपेक्षा जास्त हलली तर एक साइझ खाली या.